कुलपाचे दोन फोटो

कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक म्हणून मी रुजू झाले, तेव्हा माझ्या आधी त्या खुर्चीवर असलेल्या बाईंनी मला कपाटाची किल्ली दिली आणि जाता जाता सांगितलं, की इथं जो फार रडतो त्याच्यावर लगेच विश्वास ठेवायचा नाही, आणि जो अजिबात रडत नाही त्याच्यावर तर मुळीच नाही. मला ते लगेच पटलं. आमच्या घरात तीन पिढ्या कारकुनी झाली होती. पणजोबा भिक्षुकी सोडून निजामाच्या कचेरीत लागले, आजोबा तिथंच पेशकार झाले, वडील तहसिलीत. घरात कुणी काहीही सांगितलं, की वडील आधी विचारायचे, "कागद आहे का?" शाळेत बाईंनी माझं कौतुक केलं, हेसुद्धा वहीवरचा शेरा बघितल्याशिवाय त्यांना खरं वाटायचं नाही. त्यामुळं संशय घ्यायला मला नोकरीत वेगळं शिकावं लागलं नाही.

मी सांगतेय ते प्रकरण दुष्काळाच्या वर्षांतलं. लागोपाठचे पावसाळे कोरडे गेले होते, जायकवाडीचं पाणी तळाला लागलं होतं, आणि सिडकोतल्या आमच्या फ्लॅटमध्ये नळाला पाणी कधी येणार ते कॅलेंडरवर पेन्सिलीनं लिहून ठेवावं लागायचं. पण शहर वाढायचं काही थांबलं नव्हतं. जालना रोडनं करमाडच्या बाजूला निघालं, की दोन्ही हातांना प्लॉटिंगचे फलक दिसायचे. ज्या शेतांत काही उगवलं नव्हतं, तिथं चुन्याच्या रेघा मारून ठेवलेल्या असायच्या. न्यायालयातही नवी माणसं यायला लागली होती. गाव सोडून कंपन्यांच्या आसऱ्याला आलेली, एका खोलीत संसार मांडलेली. गावात भांडण झालं तर चार माणसं मध्ये पडायची. इथं मध्ये पडायला आम्हीच होतो.

या प्रकरणात अर्जदार नवरा होता. तिशीचा माणूस, करमाडच्या पलीकडच्या खेड्यातला, घराणं मेंढरं राखणारं. मेंढरं चाऱ्याअभावी एकेक करून गेली, तेव्हा हा शहरात आला आणि एका कंपनीच्या कामगारांची बस चालवायला लागला. त्याला सहा वर्षांच्या मुलीचा ताबा पाहिजे होता. त्याचं म्हणणं असं, की बायको आठ महिन्यांपूर्वी भांडून मुलीला घेऊन निघून गेली, चिकलठाण्याच्या पुढं एका गुंठेवारी वस्तीत पत्र्याच्या खोलीत राहते, आणि मुलीकडं बघत नाही. मुलीला कोंडून दिवसदिवस बाहेर फिरते. एप्रिल महिन्यात भर दुपारी शेजाऱ्यांच्या मदतीनं त्याला कुलूप तोडून मुलीला बाहेर काढावं लागलं. मुलीला उन्हाचा त्रास होऊन दोन दिवस सलाईन लावावं लागलं होतं. दवाखान्याचा कागद जोडलेला होता. फोटो जोडलेले होते.

बायकोचं उत्तर दीड पानाचं होतं. नवरा मारहाण करतो, संशय घेतो, म्हणून निघून आले, एवढंच. सोबत एकही कागद नव्हता.

पहिल्या तारखेला दोघं माझ्या खोलीत आले. तो आधी आला आणि टेबलासमोरच्या खुर्चीत बसला. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, फाईलमधला प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत. बसण्याआधी त्यानं मला नमस्कार केला. ती मागून आली आणि उरलेल्या खुर्चीत, टेबलाच्या बाजूला भिंतीला लागून बसली. पंचविशीची असेल. ताठ बसली होती. तिनं नमस्कार केला नाही.

त्याचं बोलणं अगदी हळू होतं. प्रत्येक वाक्यानंतर म्हणायचा, "माझं काय चुकत असंल तर सांगा, मॅडम." मुलीचं नाव निघालं की त्याचे डोळे भरून यायचे. मग मी तिच्याकडं वळले आणि विचारलं, मुलीला किती वेळ कोंडून ठेवलं होतं? ती खिडकीबाहेर बघत राहिली. मी पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "सहा वर्साची हाय." मी पुन्हा तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारला. तिनं माझ्या तोंडाकडं निरखून पाहिलं आणि कशाला तरी "व्हय" म्हणाली.

माझ्या टिपणवहीत त्या दिवशीची नोंद आहे. 'प्रश्न टाळते. उद्धट. मुलीविषयी विचारल्यावर चेहऱ्यावर काही नाही.' त्याच्याबद्दल लिहिलं होतं, 'सहकार्य करतो.' आणखी एक गोष्ट मला फार नंतर लक्षात आली. त्याच्याशी बोलताना मी 'तुम्ही' म्हणत होते आणि तिच्याशी 'तू'.

पुढच्या तारखेला मी तिला एकटीला बोलावलं. त्या दिवशी ती समोरच्या खुर्चीत बसली आणि उत्तरं बरी दिली, पण माझा संशय आणखी वाढला. मी विचारलं, मारत होता तर एकदाही पोलिसांत का गेली नाहीस? दवाखान्यात का गेली नाहीस?

"कोन नेनार? कुलूप भायेरून असायचं," ती म्हणाली.

तो ड्युटीवर जाताना तिला घरात कोंडून जायचा, असं तिचं सांगणं होतं. ती कुणाशी बोलते, नळावर कुणाकडं बघते, यावरून त्याच्या डोक्यात संशय असायचा. मी विचारलं, याला साक्षीदार कोण? कुणी नव्हतं. मुलीला मात्र तो कधी मारत नव्हता, हे तिनं स्वतःच सांगितलं. मग मी म्हटलं, इतका त्रास होता तर माहेरी का नाही गेलीस? पत्र्याच्या खोलीत एकटीनं राहायचं काय कारण?

तिनं सांगितलं, की तिचे आईबाप बिडकीनकडचे, पण मेंढरं घेऊन बाहेर पडलेले. चारा जिथं मिळेल तिथं त्यांचं बिऱ्हाड. "मागल्या मयन्यात गंगथडीला व्हते. आता कुठं असतील, काय सांगू. फोन लागला तर लागतो." हेही मला पळवाटच वाटलं. पत्ताच नसलेलं माहेर मी तोवर पाहिलं नव्हतं.

मग एप्रिलमधल्या त्या दुपारचा विषय निघाला. ती म्हणाली, टँकरला गेले होते. किती वेळ? अर्धा तास. माझ्यासमोर शेजारच्या एका दुकानदाराचं शपथपत्र होतं. त्यात लिहिलं होतं, की त्या दिवशी वस्तीत टँकर दोन वाजता आला, आणि ती सकाळपासूनच घरी नव्हती. मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, टँकरची वाट बघत रांगेत होते. मी म्हटलं, रांग तुझ्या दारासमोरच लागते, असं यात लिहिलंय. ती टेबलावरच्या त्या कागदाकडं बघायला लागली.

खोटं पकडलं गेलं की माणूस कसा दिसतो, ते मला ओळखता येत होतं. ती तशीच दिसत होती. त्या संध्याकाळी मी अहवालाचा कच्चा मसुदा सुरू केला. त्यात 'बेजबाबदार' हा शब्द होता.

तिसऱ्या वेळी आईला मुलीला घेऊन यायला सांगितलं होतं; दवाखान्यातून सुटल्यापासून मुलगी तिच्याकडंच होती. न्यायालयात मुलांसाठी एक खोली आहे. भिंतीवर ससे आणि फुगे रंगवलेले, कोपऱ्यात खेळणी. मुलांना आईबापांसोबत तिथं सोडून मी बाजूला बसून बघायची. मुलगी बारकी होती, पण नीट वेणी घातलेली, नखं कापलेली. ती बापाजवळ गेली, त्यानं आणलेली बाहुली घेतली. त्याला ती घाबरत नव्हती. मी तेही लिहून घेतलं.

मग मला एक विचित्र गोष्ट दिसली. मुलगी आईच्या डाव्या बाजूला बसून खेळत होती. तिला आईला काही सांगायचं असलं, की ती उठायची, आईच्या मागून वळसा घालून उजवीकडं जायची आणि तिथून बोलायची. सांगून झालं की परत जाग्यावर. असं तीन वेळा झालं. तिसऱ्या वेळी मी मुलीला विचारलं, इकडून का नाही बोलत? ती म्हणाली, "त्या बाजूनं आईला ऐकू येत नाय."

"जन्मापासून?" मी विचारलं.

मुलीनं खांदे उडवले. म्हणाली, "पप्पानं मारलं तवापासून."

तिनं ते अगदी सहज सांगितलं, सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट सांगावी तसं. बाप दारापाशी फोनवर बोलत होता. त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर पहिली तारीख आली. भिंतीला लागून असलेली ती खुर्ची, त्यात बसणाऱ्याचा डावा कान माझ्याकडं येतो. वर पंखा खडखडत होता, बाहेर वऱ्हांड्यात गर्दी. ती प्रश्न टाळत नव्हती, तिला तो ऐकूच आला नव्हता. तो आधी येऊन समोरच्या खुर्चीत बसला, ते मुद्दाम होतं की सहज, हे मला आजही ठामपणे सांगता येणार नाही. पण तेव्हापासून मी त्याच्याकडंही संशयानं बघायला लागले.

आई पाणी प्यायला बाहेर गेली आणि बापही फोनवर बोलत वऱ्हांड्यात गेला, तेव्हा मी मुलीशी थोडं बोलले. मुलांना अशा गोष्टी थेट विचारायच्या नसतात. मी खेळातल्या घराला दार लावलं आणि म्हटलं, आतली बाहुली काय करते? मुलगी म्हणाली, बाहुली खिडकीत उभी राहते. मग पप्पा येतात. मग पप्पा फोटो काढतात.

"आणि मग?"

"मग ती पानी मागते. मग पप्पा म्हनतात, थोडं थांब."

मी पुढं काही विचारलं नाही. खरं सांगायचं, तर तेव्हाही माझ्या मनात आलं, की हे आईनं पढवलं असेल. पढवलेली मुलं मी पुष्कळ पाहिली होती. ती 'पप्पा वाईट आहेत' असं म्हणतात. 'थोडं थांब' असं कुणी पढवेल का, हे मात्र मला सुचेना.

सगळे गेल्यावर मी फाईल काढली आणि त्यातले फोटो पहिल्यांदाच नीट पाहिले. दोन फोटो महत्त्वाचे होते. पहिल्यात बंद दार, दाराला मोठं पितळी कुलूप, शेजारी गजाची खिडकी आणि गजांमागं रडणाऱ्या मुलीचा चेहरा. दुसऱ्यात तेच दार, एक माणूस लोखंडी पहारीनं कोयंडा उचकटतोय, भोवती शेजारीपाजारी. दाराजवळ पाण्याचा एक निळा पिंप उभा होता. पहिल्या फोटोत पिंपाची सावली अगदी बुडाशी होती. दुसऱ्या फोटोत तीच सावली लांब होऊन उंबऱ्यापर्यंत गेली होती.

मी दोन्ही फोटो शेजारी ठेवून बराच वेळ बघत राहिले. अर्जात लिहिलं होतं, 'मुलगी कोंडलेली दिसताच अर्जदाराने तात्काळ शेजाऱ्यांना बोलावले.' सावली तसं म्हणत नव्हती. निदान दोन-अडीच तास गेले होते.

घरभेटीचा अधिकार मला होता. न्यायाधीशांची परवानगी घेतली आणि कुणालाही न कळवता एका दुपारी रिक्षा करून त्या वस्तीत गेले. मेचा शेवट होता. रस्ता म्हणजे मुरूम. घरांसमोर पिंप आणि टाक्या ओळीनं मांडलेल्या, प्रत्येकीवर रंगानं खूण केलेली. खोली शोधायला वेळ लागला नाही. निळा पिंप दिसला. आणि दाराला कुलूप होतं.

खिडकीच्या गजांमागं मुलगी होती.

तिनं मला ओळखलं. मी विचारलं, आई कुठं आहे? म्हणाली, कामाला. मला भयंकर राग आला. न्यायालयात प्रकरण चालू असताना पुन्हा तेच. मी पिशवीतली पाण्याची बाटली गजांतून आत दिली. तिनं ती घेतली, पण आतली भरलेली कळशीही मला दाखवली. मग माझ्या लक्षात आलं, की मी नेमकी तिथंच उभी आहे, जिथून पहिला फोटो काढला होता.

एवढ्यात शेजारच्या दारातून एक मुसलमान बाई बाहेर आल्या. पन्नाशीच्या, डोक्यावरून पदर. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "किसने भेजा तुमको? उसने?" मी ओळखपत्र दाखवलं. त्यांना ते वाचता येत नव्हतं, पण त्यांनी बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. मग कमरेच्या पिशवीतून किल्ली काढली आणि कुलूप उघडलं. एप्रिलनंतर मुलीची आई किल्ली त्यांच्याकडं ठेवून जायची. त्या तासातासाला दार उघडून मुलीला बघायच्या, दुपारी जेवायला आपल्याकडं न्यायच्या. मी म्हटलं, मग कुलूप कशाला? मुलगी तुमच्याकडंच का बसत नाही?

"बाप आके उठा ले गया तो?" त्या म्हणाल्या. "मैं अकेली औरत, मैं क्या करूँगी? ताला रहेगा तो चार लोग तो जमा होंगे."

मी त्या एप्रिलच्या दुपारचं विचारलं. त्यांनी आधी हात झटकले, म्हणाल्या आम्हाला कोर्टाच्या भानगडीत पडायचं नाही. मी नोंदवही बंद करून पिशवीत ठेवली, तेव्हा त्या बोलल्या.

"वो तो कब का आया था, बाई. फटफटी लगाके उस झाड के नीचे बैठा था. मैं समझी, औरत से मिलने आया. मेरे को बोला, तुम जाओ, मैं हूँ ना इधर. टँकर आया, लोग जमा हुए, फिर उठा और चिल्लाने लगा, के मेरी बच्ची को बंद किया."

तो लोक जमायची वाट बघत होता. आई येईपर्यंत थांबायचं ठरवून मी ओट्यावर बसले.

तासाभरानं आई आली. मला ओट्यावर बसलेलं पाहून ती जागीच थांबली. मुलगी पळत जाऊन तिला बिलगली, उजव्या बाजूनं. आईच्या अंगावर निळा एप्रन होता. शेंद्र्याकडच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामावर ती अर्धी पाळी करायची. एप्रिलमधल्या त्या दिवशी तिचा कामाचा दुसरा दिवस होता. तिला अकरा वाजता सुटी मिळायला हवी होती, पण मुकादमानं तीनपर्यंत सोडलं नाही.

मी या वेळी आठवणीनं तिच्या उजव्या हाताला बसले आणि विचारलं, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलं? टँकरचं खोटं का सांगितलं?

तिनं एप्रनची गाठ सोडली. मग म्हणाली, "पान्याला गेले म्हनलं तर बाई चांगली. कामाला गेले म्हनलं तर पोरीला टाकून हिंडती. त्यो तेच म्हनतो, तुमी बी तेच म्हनल्या असत्या."

तिचं बरोबर होतं. कुलपाबद्दल विचारलं तेव्हा कळलं, की तो तिला ज्या कुलपात कोंडायचा तेच हे कुलूप होतं; एप्रिलमध्येही कोयंडाच उचकटला होता, कुलूप शाबूत राहिलं होतं. निघून येताना मुलीचे कपडे, स्टोव्ह आणि ते कुलूप एवढंच तिनं घेतलं होतं. का, विचारल्यावर म्हणाली, चांगलं दणकट होतं.

घरी परतताना रिक्षात मला माझ्या स्वतःच्या दाराची आठवण झाली. माझा मुलगा तेव्हा तिसरीत होता. त्याची शाळा दुपारची. नवऱ्याची आणि माझी कचेरी सकाळची. दोन तास तो घरात एकटा असायचा. मी जाताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप लावायची आणि किल्ली शेजारच्या काकूंकडं द्यायची. अकरा वाजता काकू त्याला शाळेच्या रिक्षात बसवायच्या. एकदा काकू शहागंजला खरेदीला गेल्या आणि साफ विसरल्या. मुलगा दीड वाजेपर्यंत आत होता. घरात फ्रिज होता, पंखा होता, टीव्ही होता. त्याला काही झालं नाही. आमच्याकडं तो किस्सा पाहुण्यांना हसत सांगितला जायचा. त्याला कोंडणं असं कुणी म्हणायचं नाही. आणि माझ्या टेबलाच्या खणात दुसऱ्या बाईसाठी मी 'बेजबाबदार' लिहून ठेवलं होतं.

पण हेही लिहायला हवं, की दोन्ही गोष्टी सारख्या नव्हत्या. त्या पत्र्याखाली एप्रिलच्या उन्हात मुलगी मेली असती. आईनं तिला धोक्यात टाकलं होतं, हे खरंच होतं, आणि मी ते अहवालात लपवणार नव्हते. मला एवढंच कळेना, की हे लिहिताना माझा आवाज कसा असावा.

अहवाल देण्याआधी मी नवऱ्याला एकट्याला बोलावलं. तो तसाच नमस्कार करून बसला. मी दोन्ही फोटो त्याच्यासमोर ठेवले, सावली दाखवली, आणि विचारलं, की पहिला फोटो काढल्यावर कुलूप तोडायला इतका वेळ का लागला?

तो गडबडेल असं मला वाटलं होतं. तो गडबडला नाही. त्यानं फाईलचे कोपरे जुळवले आणि म्हणाला, "मॅडम, मी आल्या आल्या कुलूप तोडलं असतं, तर तुम्हीच विचारलं असतं, पुरावा काय? माणसं नव्हती तिथं. माणसं जमल्याबिगर कोन साक्ष देनार?"

"मुलगी पाणी मागत होती."

"कोंडली तर तिच्या आईनं होती ना. मी नाय कोंडली." मग जरा पुढं वाकून, अगदी समजावणीच्या सुरात म्हणाला, "मला पोरीचं वाईट वाटत नव्हतं का? पन हिथं कागदाशिवाय कोन ऐकतं?"

मला वडिलांचा आवाज आठवला. त्या माणसाला मुलीवर माया नव्हती, असं मी म्हणणार नाही. बाहुली आणताना त्यानं खोटेपणा केला असं मला वाटत नाही. पण त्या दोन-अडीच तासांत झाडाखाली बसून त्याला मुलीचं रडणं ऐकू येत होतं, आणि तो वाट बघत राहिला. बायकोच्या कानाबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, ती लहानपणापासूनच बहिरी आहे. मी विचारलं, मग लग्नात तसं सांगितलं होतं का? या एकाच प्रश्नावर तो फाईल उघडून कागद चाळायला लागला.

मी मसुदा फाडला आणि नवा अहवाल लिहिला. त्यात सगळं होतं. आईनं मुलीला कोंडलं होतं, ती कामाला जात होती, तिनं मला खोटं सांगितलं होतं, आणि का सांगितलं होतं. बाप हजर होता आणि थांबला होता. शेजारच्या बाईंचं म्हणणं होतं. पहिल्या बैठकीत माझी बसवण्याची रीतच चुकल्यामुळं प्रतिवादीचं म्हणणं मला नीट घेता आलं नाही, हेही मी लिहिलं. माझ्या वरिष्ठांना ते वाक्य आवडलं नाही. म्हणाले, याची काय गरज? मी ते काढलं नाही. माझ्या घरातल्या कुलपाबद्दल मात्र लिहिलं नाही. ते मी आज इथं पहिल्यांदा लिहितेय.

सरकारी दवाखान्यातल्या तपासणीत तिच्या डाव्या कानाचा पडदा फाटल्याचं निघालं, जुनं. अशी जखम मारामुळं होऊ शकते, एवढंच डॉक्टरांनी लिहिलं. न्यायाधीशांनी मुलीला आपल्या दालनात घेतलं आणि अर्धा तास बोलले. काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. मुलगी बाहेर आली तेव्हा तिच्या हातात पेन्सिल होती.

ताबा आईकडं राहिला. मुलीला कोंडून जायचं नाही, जवळच्या शाळेत घालायचं आणि आई येईपर्यंत तिला सांभाळायची लेखी हमी शेजारच्या बाईंनी द्यायची, अशा अटी घातल्या. बापानं महिन्यातून दोन शनिवार न्यायालयातल्या मुलांच्या खोलीतच भेटायचं आणि त्या वस्तीत पाय ठेवायचा नाही, असं ठरलं. शेजारच्या बाई हमीच्या कागदावर अंगठा द्यायला आल्या, तेव्हा त्यांनी मला तो तीनदा वाचून दाखवायला लावला.

निकालाच्या दिवशी वऱ्हांड्यात ती मला भेटली. मी तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिले. मला वाटलं, ती आभार मानेल. ती म्हणाली, "तुमी मला खोटारडी समजत व्हत्या ना?"

"हो," मी म्हणाले.

"आन् त्याला?"

"त्यांना खरं समजत होते."

तिनं मान हलवली. हिशेब जुळल्यासारखी. "लई जनांना तसंच वाटतं," ती म्हणाली आणि मुलीला हाक मारून जिना उतरून गेली.

तो पाच शनिवार आला. सहाव्याला आला नाही, आणि मग आलाच नाही. पुढच्या पावसाळ्यात थोडा पाऊस झाला, तिचे आईबाप उरलेली मेंढरं घेऊन बिडकीनजवळ परतले, आणि ती मुलीला घेऊन तिकडं गेली. तिकडंही कंपन्यांसाठी जमिनी मोजणं चालू होतं, तिला काम मिळालं. पत्ता बदलल्याचा अर्ज तिनं माझ्याच हातात दिला होता.

वर्षभरानं तो अचानक माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात फाईल नव्हती. म्हणाला, मुलीला बघावंसं वाटतं, त्या वस्तीत खोली दुसऱ्याच लोकांकडं आहे, शेजारची बाई दार उघडत नाही. तिचा आताचा पत्ता पाहिजे. मी सांगितलं, की न्यायालयात अर्ज करा, भेटीची तारीख मिळेल. तो म्हणाला, "अर्ज करतो, मॅडम. पन तुम्हाला माहीत असंल ना, कुठं राहते?"

"नाही," मी म्हणाले. "मला माहीत नाही."

माझ्या मागच्या कपाटात तिचा अर्ज होता. तो माझ्या चेहऱ्याकडं बघत राहिला. त्याला माझं खरं वाटलं नव्हतं, हे स्पष्ट दिसत होतं. मीही त्याच्याकडं बघत होते. त्याला खरोखर मुलीची आठवण येतेय, की त्याच्या डोक्यात आणखी काही आहे, हे मला ओळखता येत नव्हतं. त्यानं नमस्कार केला आणि तो बाहेरच्या बाकावर जाऊन बसला. पाच वाजता मी खोली बंद केली, तेव्हाही तो तिथंच होता. मी मागच्या जिन्यानं उतरले आणि तीन दिवस वेगवेगळ्या रस्त्यांनी घरी गेले. अर्ज त्यानं कधी केला नाही.